ऐरोलीचा फ्लॅट ऑक्टोबर २०२४ मध्ये विकला, आता आयकर खात्याकडून कलम १४३(१) खाली (रिटर्न तपासून पाठवलेली सूचना) सव्वा लाखाची मागणी आली आहे. भरून टाकू का?

लगेच भरू नका. तुम्ही दिलेले आकडे: खरेदी २००५-०६ मध्ये १० लाख, विक्री ५० लाख. घरविक्रीच्या नफ्यावरील (भांडवली नफा) कराचा कायदा विक्रीच्याच आर्थिक वर्षात मधेच, २३ जुलै २०२४ पासून बदलला. आधी इंडेक्सेशन (महागाईनुसार वाढवलेली खरेदी किंमत) धरून २० टक्के कर होता, आता इंडेक्सेशनशिवाय साडेबारा टक्के. मात्र त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी रहिवासी व्यक्तीला दोन्ही पद्धतींनी कर काढून जास्तीचा सोडून देता येतो. एनआरआयला ही सवलत नाही.

तुमचा हिशेब मांडू. नव्या पद्धतीने नफा ४० लाख, कर ५,००,०००. जुन्या पद्धतीने खरेदी किंमत १० लाख × ३६३ ÷ ११७ (विक्री आणि खरेदीच्या वर्षांचे महागाई निर्देशांक) = ३१,०२,५६४ होते, नफा १८,९७,४३६ आणि कर ३,७९,४८७. फरक १,२०,५१३, सेससह (करावरचा उपकर) १,२५,३३४. व्याज वगळून मागणी याच्या जवळपास असेल, तर सवलत धरलेलीच नाही.

आता सूचनेची पीडीएफ उघडा (पासवर्ड: लहान अक्षरांत पॅन, पुढे जन्मतारीख). त्यात दोन रकाने असतात, तुम्ही भरलेले आणि सीपीसीने (आयकर खात्याचं रिटर्न तपासणारं केंद्र) काढलेले. भांडवली नफ्याच्या ओळी दोन्हीकडे सारख्या असूनही कर वाढला असेल, तर रिटर्नमधल्या शेड्यूल सीजीतली (भांडवली नफ्याचा तक्ता) खरेदीची तारीख आणि इंडेक्सेशनसह किंमत पाहा. तिथेच चूक असेल तर पोर्टलवरच्या दुरुस्ती अर्जात नुसतं ‘रीप्रोसेस’ (आहे तेच रिटर्न पुन्हा तपासणे) निवडून काही होणार नाही, तीच मागणी परत येईल. कलम १५४ खालच्या त्या दुरुस्ती अर्जात ‘रिटर्न डेटा करेक्शन’ निवडा आणि सगळी शेड्यूल पुन्हा भरा, फक्त चुकलेली नव्हे. तारखा इंडेक्स-२ (दस्त नोंदणीचा उतारा) वरूनच घ्या. त्यावर दस्तऐवज करून दिल्याचा आणि नोंदणीचा असे दोन दिनांक असतात, त्यांची गल्लत खूप होते. तुमच्या नोंदी बरोबर असतील तरच ‘रीप्रोसेस’.

५० लाखांच्या विक्रीवर खरेदीदाराने १ टक्का, म्हणजे ५०,००० टीडीएस कापायला हवा. तो २६एएसमध्ये (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) दिसतो का पाहा. नसेल तर खरेदीदाराकडून २६क्यूबीतला (त्याने टीडीएस भरताना दिलेला फॉर्म) तुमचा पॅन तपासून घ्या. ही चूक वेगळी आणि तिची दुरुस्तीही वेगळी.

दुरुस्ती अर्ज केला की काम संपलं असं समजू नका. आयकर पोर्टलवर ‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ उघडून मागणी अमान्य करा आणि अर्जाचा पोचक्रमांक द्या. नाहीतर पुढच्या वर्षीचा परतावा या मागणीत वळता होऊ शकतो. वाशीच्या आयकर कार्यालयात हेलपाटे घालू नका, ही सूचना बेंगळुरूच्या सीपीसीतून निघते.

मुदत सांभाळा. ३० दिवसांनंतर खऱ्या थकबाकीवर महिना १ टक्का व्याज चढतं. अपिलाचा फॉर्म ३५ सुद्धा सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांतच भरायचा असतो, म्हणून दुरुस्तीच्या निकालाची वाट पाहत तो हक्क घालवू नका.