अकरावीला लागतोयस ना, मग हे ऐक

अकरावी म्हणजे दहावीनंतरचा आराम, असं चार जण तुला सांगतील. ऐकू नकोस. मी ऐकलं होतं, आणि बारावीची दिवाळी त्रिकोणमितीची जुनी वही शोधण्यात गेली.

एमएचटी-सीईटीत, म्हणजे बारावीनंतरच्या इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, पण गणिताचा प्रत्येक प्रश्न २ गुणांचा, फिजिक्स-केमिस्ट्रीचा १ गुणाचा. म्हणून गणित आत्तापासून रोज कर.

कॉलेज निवडताना नावाआधी प्रवास बघ. भांडुपहून स्लो लोकल पकडायची, दादरला पूल चढून वेस्टर्न लाइनला जायचं, संध्याकाळी क्लाससाठी पुन्हा मुलुंड गाठायचं. यात अंगातली सगळी ताकद गाडीतच संपते. जवळचं साधं कॉलेज मला तरी केव्हाही बरं वाटतं.

आणि जर्नल, म्हणजे प्रयोगवही! बोर्डाला फिजिक्समध्ये लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०, केमिस्ट्रीतही तसंच. हे ३० हातातले गुण आहेत रे. प्रयोग झाला की त्याच दिवशी रीडिंग उतरव, आकृती पेन्सिलने काढ आणि पुढच्या तासाला सही घे. माझ्या दोन प्रयोगांवर सही राहिली होती. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात स्टाफरूमच्या दारात उभा होतो, व्हर्नियरची आकृती अर्धीच, घामाने पानाचा कोपरा ओला झालेला.

ते जर्नल अजून माळ्यावर आहे. रविवारी घरी ये, काढून ठेवतो.