गोल्फमध्ये माझा चेंडू खालूनच जातो, अंतरही मिळत नाही. ९ अंशांचा ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) सोडून जास्त लॉफ्टचा, म्हणजे फेस (चेंडूला लागणारी बाजू) जास्त मागे कललेला, घ्यावा का?

घ्या, बिनधास्त घ्या. तुमच्या स्विंगचा वेग ताशी ८५ मैलांच्या आसपास आहे असं तुम्ही लिहिलंय. त्या वेगाला ९ अंश कमीच पडतात. 'लॉफ्ट कमी तेवढा चेंडू लांब' हे तुमच्या मित्राचं म्हणणं ताशी ११० मैल आणि त्यापुढे क्लब फिरवणाऱ्यांच्या बाबतीत काही अंशी खरं आहे. चेंडू हवेत टिकतो तो वेग आणि बॅकस्पिनच्या (मागच्या बाजूला फिरण्याच्या) जोरावर. वेग बेताचा असेल तर तो निघतानाच उंच, साधारण १४-१५ अंशांत निघायला हवा, तरच कॅरी (चेंडू हवेतून कापतो ते अंतर) वाढते.

पण क्लबवर छापलेल्या आकड्यावर सगळं ठरत नाही. क्लबहेड खाली उतरताना चेंडूला लागतं की वर उचललं जाताना, हे बघा. उतरताना लागलं तर चेंडू निघतो खालून, आणि त्याला लॉफ्टच्या मानाने स्पिन जास्त मिळतो. मग तो मधेच वर चढतो, क्षणभर थबकल्यासारखा वाटतो आणि पुढे न सरकता खाली येतो. ते बघून लोक म्हणतात, 'फार उंच जातोय', आणि आणखी कमी लॉफ्टचा ड्रायव्हर घेऊन बसतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण दुखणं लॉफ्टचं नसतंच. चेंडू पुढच्या पायाच्या टाचेसमोर ठेवा आणि टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) एवढी उंच लावा, की अर्धा चेंडू ड्रायव्हरच्या वरच्या कडेच्या वर दिसेल.

पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट नक्की करा. फेसवर पायांना मारायच्या पावडरचा स्प्रे हलकासा मारा आणि पाच-सहा चेंडू मारून खुणा बघा. खुणा मध्याच्या खाली असतील तर चेंडू खालून निघणार आणि स्पिनही वाढणार. मध्याच्या किंचित वर असतील तर बरोबर उलटं: चेंडू उंच निघतो, स्पिन घटतो. अंतर तिथेच मिळतं. सेंटीमीटरभराच्या फरकानेही स्पिनमध्ये मिनिटाला शेकडो फेऱ्यांचा फरक पडतो.

लॉफ्ट फिरवून बदलता येणारा ड्रायव्हर असेल तर लक्षात ठेवा, लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो आणि कमी केला की उघडतो. स्लाइस होत असेल (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळत असेल) तर वाढवण्यात दुहेरी फायदा आहे, कारण जास्त लॉफ्टवर चेंडू बाजूलाही कमी वळतो. हूक होत असेल (चेंडू उलट बाजूला वळत असेल) तर मात्र जपून.

लाँच मॉनिटर (चेंडूचा वेग, कोन आणि स्पिन मोजणारं यंत्र) मिळाला तर १०.५ आणि १२ अंश, दोन्ही मारून बघा. सगळ्यात लांब गेलेला एखादा फटका धरू नका, सरासरी कॅरी बघा. आणि दोन्हींना शाफ्ट (क्लबचा दांडा) एकच असू द्या, नाहीतर फरक लॉफ्टमुळे पडला की शाफ्टमुळे, हे कळणार नाही.