आधी सरांना परत फोन करा

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, दहावीला ९१ टक्के होते. सात वर्षांची असल्यापासून व्हायोलिन शिकते. तिच्या स्ट्रिंग क्वार्टेटची, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चौघांच्या गटाची, अमेरिकेतल्या तीन आठवड्यांच्या चेंबर म्युझिक (मोजक्या वादकांच्या संगीताच्या) महोत्सवासाठी निवड झाली आहे. पण तिला दुसऱ्या व्हायोलिनवर बसवलंय. पहिलं व्हायोलिन मिळत नसेल तर आम्ही पाठवणार नाही, असं मी तिच्या सरांना फोनवर सांगितलं. तिला हे अजून माहीत नाही. एवढा खर्च करून, बारावीच्या वर्षात नुसतं साथीला जायचं का? त्यापेक्षा पुढच्या वर्षी तिनं सोलो म्हणून एकटीनं अर्ज करावा, हे तुम्ही तिला समजावाल का? — एक वडील, पुणे

उत्तर : नाही, समजावणार नाही. टक्के आणि खर्च राहू द्या, मला तो फोन खुपला. निवड झाली ती चौघांनी मिळून पाठवलेल्या रेकॉर्डिंगची. एकानं अंग काढलं की उरलेल्या तिघांचं जाणंही बहुधा बारगळतं. म्हणजे तुम्ही आणखी तीन घरांचा निर्णय परस्पर घेऊन टाकलात, आणि जिच्यासाठी घेतलात तिलाच अंधारात ठेवलंत. उद्या तालमीत कुणाच्या तरी तोंडून तिला हे कळेल. या वयाची मुलं अशा वेळी भांडतात तेव्हा बरं असतं. बरीचशी घरात बोलायचीच बंद होतात. पत्र मी दोनदा वाचलं. त्यात ‘बसवलंय’ आहे, ‘पाठवणार नाही’ आहे. तिला काय हवंय, याचं एक वाक्य नाही.

आता ‘साथी’बद्दल. आपल्या मैफलीत मुख्य कलाकार मधोमध आणि साथीदार बाजूला बसतात. तोच हिशेब तुम्ही क्वार्टेटला लावलात, तिथे तो लागू होत नाही. चेक संगीतकार द्वोर्झाकची १८९३ सालची ‘अमेरिकन’ क्वार्टेट ही चौघांसाठीची रचना तिच्याबरोबर बसून ऐका. सुरुवातीची धून व्हायोलाकडे, म्हणजे व्हायोलिनपेक्षा जरा मोठ्या, खालच्या सुरातल्या वाद्याकडे आहे आणि पहिलं व्हायोलिन दुसऱ्याच्या बरोबरीनं मागे नुसती थरथर धरून असतं. १७८४ मध्ये व्हिएन्नातल्या एका घरगुती बैठकीत संगीतकार हायडन पहिल्या व्हायोलिनवर होता, मोझार्ट व्हायोलावर, आणि दुसऱ्या व्हायोलिनवर डिटर्सडॉर्फ, जो स्वतः नावाजलेला व्हायोलिनवादक होता. अमेरिकेतल्या नामवंत एमर्सन क्वार्टेटचे दोघे व्हायोलिनवादक तर पहिली जागा आलटून पालटून घेत. आणि १९३५ साली मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील, पुढे फिलाडेल्फियात कर्टिस क्वार्टेटमध्ये दुसरं व्हायोलिनच वाजवत. दुसऱ्या व्हायोलिनकडे असलेला मधला सूर सांभाळणं अवघड असतं. तो जरा चढला तर चौघंही बेसूर वाटतात. ही जागा सरांनी विचार करूनच दिली असेल.

बारावी आणि सीईटी तीन आठवड्यांनी बुडत नाहीत. वेळापत्रक मात्र तिलाच आखू द्या.

तुमचा एक मुद्दा खरा आहे. परदेशातल्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, प्रवेशासाठी सोलोच वाजवून दाखवावं लागतं. भारतात नोकऱ्या फार थोड्या आहेत. २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सुरू झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियातही हंगामापुरते बरेच वादक बाहेरून येतात. पण सोलोची तयारी घरी बारा महिने करता येते. जाणत्या वादकासमोर रोज चौघांनी बसायचं, एकच रचना तीन आठवडे घासायची, एकमेकांचे श्वास ओळखायला शिकायचं, हे पुण्यात कुठे मिळेल? अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या मार्लबरो महोत्सवात भेटलेल्या वादकांनी १९६४ मध्ये ग्वार्नेरी क्वार्टेट सुरू केलं, ते २००९ पर्यंत वाजत राहिलं. अर्थात मुलीला संगीतातच करिअर करायचंय का, हेही तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून त्यावर मी इथेच थांबते.

खर्चाची काळजी रास्त आहे. चारही घरांनी मिळून आयोजकांना शिष्यवृत्तीबद्दल लेखी विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

पण त्याआधी, आजच, सरांना फोन करून शब्द मागे घ्या. मग तो फोन केला होता हे मुलीला स्वतः सांगा, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. पुढच्या तालमीला जाऊन तिच्या खुर्चीमागे तासभर बसा. जायचं की नाही ते तिला ठरवू दे. ती ‘नको’ म्हणाली तरी तिची कारणं ऐकून घ्या. आणि तिला हवं असेल तर पुढचं पत्र तिनं लिहावं, मी वाट पाहते.