शनिवारच्या दिवेलागणीपासून

प्रिय विद्यार्थिमित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. रविवारी घरातले सगळे मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवायचे, हा तुम्ही उभयतांनी केलेला ठराव दुपारपर्यंतही टिकत नाही आणि त्याचे खापर तू मुलांच्या हट्टावर फोडतोस. मला ते पटत नाही. मुले असा नियम मोडतात ती बहुधा सर्वांत शेवटी; त्याआधी मोठ्यांपैकी कोणीतरी ‘एकच मेल बघतो’ म्हणून तो मोडलेला असतो आणि मुलांनी ते पाहिलेले असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तुम्ही रविवार उजाडल्यावर रविवार पाळायला बसता. असा दिवस आदल्या दिवशी घडवावा लागतो.

ज्यांनी हे व्रत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांच्याकडे पाहा. ज्यू लोकांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी दिवे लावून सुरू होतो आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसू लागल्यावर संपतो. त्या अवधीत विस्तव पेटवायचा नसतो, म्हणून स्वयंपाक आधीच उरकलेला असतो, नाहीतर शुक्रवारीच मंद आचेवर चढवून ठेवलेला असतो. कर्मठ घरांत विजेचे बटणही दाबत नाहीत, तेव्हा फोनचा प्रश्नच येत नाही. हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. अलिबागच्या आसपासच्या गावांतले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू लोक, तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ज्याचे पोट घाण्यावर आहे त्याने आठवड्यातून एक दिवस घाणा थांबवायचा, तर गिऱ्हाइकांना ते आधीपासून ठाऊक असले पाहिजे आणि तेलाची सोय शुक्रवारीच झालेली असली पाहिजे. तुझ्या घरात नेमकी ही शुक्रवारची बाजू रिकामी आहे.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की तुमचा दिवस रविवारी सकाळी सुरू करू नका. शनिवारी दिवेलागणीला सुरू करा आणि रविवारी दिवेलागणीला संपवा. तुमच्याकडे उठण्याचा गजरही मोबाइलमध्येच असणार, त्यामुळे डोळे उघडताच हात त्याच्याकडे जातो आणि गजर बंद करता करता माणूस निरोप वाचू लागतो. फोन आदल्या संध्याकाळीच कपाटात गेलेला असला, तर ती सकाळ आपोआप मोकळी राहते. त्यासाठी एक साधे गजराचे घड्याळ विकत आण. दुसरा फायदा तुझ्या नोकरीचा आहे. सोमवारच्या कामाची धाकधूक रविवारी संध्याकाळी सुरू होते, आणि त्या वेळी तुला निरोप पाहण्याची मोकळीक असेल तर दिवसभर मन निरोपांकडे धावणार नाही. तुझी बहीण अमेरिकेतून आपल्याकडच्या रविवारी सकाळी फोन करते, असे तू लिहिले आहेस. आपल्याकडे रविवारची संध्याकाळ असते तेव्हा तिच्याकडे रविवारची सकाळ असते. तिला ती वेळ कदाचित अधिक सोयीची पडेल. विचारून तर पाहा.

आता शनिवारची कामे. मटणाच्या दुकानात, भाजीवाल्याकडे आणि रिक्षाला लागणारे रोख पैसे, सुट्यांसकट, शनिवारी आणून ठेवावेत. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण मी पाहिलेल्या बहुतेक घरांचा नियम मटणाच्या दुकानातच, स्कॅन करायला फोन खिशात टाकल्यामुळे मोडतो, कारण तो परत येताना खिशातून हातात आलेला असतो. शाळेच्या ग्रुपवर आलेला गृहपाठ शनिवारी वहीत उतरवून घ्यावा. सोसायटीच्या फाटकावरच्या माणसाला सांगून ठेवावे, की कोणी आले तर ॲपवर न विचारता इंटरकॉमवर विचारावे.

अपवादांचेही असेच. शब्बाथच्या नियमांत जीव वाचवण्यासाठी नियम मोडणे नुसते क्षम्य नाही, ते कर्तव्यच मानले जाते. म्हणजे इतका कडक नियमही आपली फट स्वतः ठरवून घेतो, ऐन वेळी कोणाच्या लहरीवर सोडत नाही. तुझ्या आईंची प्रकृती लक्षात घेता घरातला एक फोन चालू राहिलाच पाहिजे. तो चपलांच्या कपाटावर चार्जरला लावून ठेव, डेटा बंद, घंटी मोठी. ज्याला बोलायचे त्याने तिथे उभे राहून बोलावे, जसे पूर्वी घरातल्या एकुलत्या फोनवर बोलत असत. उभे राहून कोणी तासभर गप्पा मारत नाही, हा माझा अनुभव आहे. सकाळी सुप्रभाताचे निरोप पाठवण्याचा आईंचा नेम मात्र शनिवारी संध्याकाळीच उरकावा लागेल. ही वाटाघाट तू कर, सूनबाईंवर ढकलू नकोस. एखाद्या रविवारी भारताचा महत्त्वाचा सामना असेल, तर तो पाहायचा की नाही हे शुक्रवारच्या जेवणाला सर्वांनी मिळून ठरवा. मुलांचे मतही मोजा.

सगळ्यांनी मिळून पाळण्याचे बळ किती असते, हे पाहायचे तर सांगली जिल्ह्यातले मोहित्यांचे वडगाव पाहा. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला, की मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवून मुलांनी अभ्यासाला व मोठ्यांनी वाचनाला किंवा बोलायला बसायचे, आणि साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत ते पाळायचे, असा गावाने निर्णय घेतला. करोनाच्या काळात शिकण्यासाठी म्हणून मुलांच्या हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, हे त्याचे कारण. त्या निर्णयातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे भोंगा सर्वांसाठी आहे. मुलाला अभ्यासाला बसवून बापाने मालिका पाहावी, ही सोय त्यात नाही. तुझ्या फ्लॅटमध्ये भोंगा नाही, तेव्हा वेळ पाळण्याचे काम धाकट्या मुलीकडे दे. तिने सर्वांचे फोन गोळा करावेत आणि पहिला फोन तुझा असावा.

मुलांना पहिले काही रविवार कंटाळा येईल. येऊ दे. लगेच शिबिर, सहल, छंदवर्ग असे काही आखून तो भरून काढू नकोस, नाहीतर विश्रांतीच्या दिवसाचेही वेळापत्रक होऊन बसेल आणि ते पाळण्याचा शीण वेगळा. पत्त्यांचा एक जोड घरात असू दे. बदाम सात खेळायला कोणालाही शिकवावे लागत नाही. दुपारी झोप आली तर सर्वांनी झोपावे.

तू लिहितोस, की ‘कंपनीत एक दिवस फोन न उचलणे चालत नाही.’ मुंबईच्या गिरण्यांतही आठवड्याची सुटी चालत नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारून रविवारच्या सुटीची मागणी लावून धरली, तेव्हा मालकांनी ती मान्य करायला १० जून १८९० उजाडावा लागला. म्हणजे तुझा रविवार कोणी दयेपोटी दिलेला नाही. गिरणीचे फाटक बंद झाले की काम निदान फाटकाच्या आत राहत असे. तुझे काम खिशातून घरी येते, म्हणून तुझ्या वेळचे फाटक तुलाच लावावे लागेल. वरिष्ठांशी बोलताना विनवणीचा सूर धरू नकोस. शनिवारी संध्याकाळपासून रविवारी संध्याकाळपर्यंत निरोप पाहणार नाही, अगदी अडल्यास या क्रमांकावर फोन करावा, एवढे एकदा लेखी कळव. चपलांच्या कपाटावरचा फोन त्यासाठीही आहे. ज्या आठवड्यात आणीबाणीच्या कामाची पाळी तुझ्याकडे असेल, त्या आठवड्यात तुझ्यापुरता नियम नाही, हे मुलांना आधी सांग आणि बाकीच्यांनी तो पाळावा.

येत्या रविवारी सुरुवात करू नकोस; तुझ्याच पत्रानुसार त्या दिवशी घरी पाहुणे आहेत. त्यानंतरच्या शनिवारी कर. आईंना माझा नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद सांग.

तुझे,
सर