टोनआर्म दुरुस्त करावा की बदलावा?

प्रश्न : वडिलांचे सुमारे पन्नास वर्षांपूर्वीचे टर्नटेबल मी नुकतेच पुन्हा सुरू केले. डावीकडचा आवाज मधूनच जातो, तबकडीच्या शेवटच्या गाण्यांत आवाज फाटतो आणि कधी कधी सुई एकाच खाचेत अडकून राहते. सुई नवी बसवूनही फरक पडला नाही. टोनआर्मची (सुई धरणाऱ्या दांड्याची) बेअरिंगे झिजली आहेत, तेव्हा आर्मच बदला, असा सल्ला मला मिळाला आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असेल असे नाही, म्हणून आर्म बदलण्याची घाई करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जुन्या आर्ममधला धातू खरोखर झिजलेला मला क्वचितच आढळला आहे. बहुतेक वेळा सापडते ते वाळून चिकट झालेले वंगण, तुटत आलेली तार किंवा पूर्वी कुणीतरी गरजेपेक्षा जास्त आवळून ठेवलेला स्क्रू.

आधी डावीकडच्या आवाजाचे पाहू. कार्ट्रिजला, म्हणजे सुईच्या कंपनांचे विजेत रूपांतर करणाऱ्या डबीला, चार बारीक तारा जोडलेल्या असतात. रूढ रंगसंकेतानुसार पांढरी व निळी डावीकडची, तर तांबडी व हिरवी उजवीकडची. या दोन जोड्यांची अदलाबदल करून पाहावी. दोष उजवीकडे गेला तर तो कार्ट्रिजमध्ये आहे. डावीकडेच राहिला तर तो पुढच्या मार्गात, म्हणजे हेडशेलच्या (कार्ट्रिज जिथे बसते त्या आर्मच्या टोकाच्या) संपर्कबिंदूंत, आर्ममधल्या तारेत किंवा बाहेरच्या केबलमध्ये शोधावा लागेल. संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. मग कार्ट्रिज पूर्ण काढून ठेवून मल्टिमीटरचे एक टोक तारेच्या हेडशेलकडील टोकाला आणि दुसरे केबलच्या पिनेला लावावे व आर्म बाहेरून मध्याकडे अगदी सावकाश फिरवावा. आकडा मध्येच उडाला, तर तार आर्मच्या बुडाशी, जिथे ती रोज वळते, तिथेच तुटत आली आहे असे समजावे. ती बदलता येते. मात्र नव्या तारेचा त्या ठिकाणी सैल वेढा ठेवावा, कारण ताणलेली तार आर्मला मागे ओढते आणि बेअरिंग निर्दोष असूनही सुई अडते.

आता बेअरिंग. अँटीस्केटिंग (आर्म मध्याकडे ओढला जाऊ नये म्हणून त्याला बाहेर खेचणारी योजना) आणि सुईचा दाब शून्यावर आणून, सुई कशालाही टेकणार नाही याची काळजी घेत, मागच्या वजनाने आर्म आडवा तरंगता ठेवावा आणि बाजूने हलकी फुंकर घालावी. तो एखाद्या ठिकाणी दरवेळी थबकत असेल, तर तिथे घाण, वाळलेले वंगण किंवा तारेचा ताण आहे. नंतर बुडाजवळ आर्म दोन बोटांत धरून अलगद पुढेमागे हलवावा. बोटांना बारीकशी ‘टक’ जाणवली तर बेअरिंगमध्ये फट आहे. लॉकनट (स्क्रू जागी धरून ठेवणारी नट) सैल करून बेअरिंगचा स्क्रू किंचित फिरवला की बऱ्याचदा ती जाते, पण फट जाते तिथेच थांबावे. त्यापुढे आवळल्यास बेअरिंगच्या वाटीत खळगे पडतात आणि मग दुरुस्ती खरोखरच अवघड होते. फवारायचे तेल तर कधीही वापरू नये, कारण त्यावर धूळ बसून पुन्हा तोच चिकटा तयार होतो. मागचे वजन रबरावर बसवलेले असेल तर तेही पाहावे; रबर थकले की ते वजन खाली झुकते.

शेवटच्या गाण्यांतला फाटका आवाज मात्र बेअरिंगपेक्षा बसवणुकीचा दोष असण्याचा संभव अधिक. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या फिरणाऱ्या तबकडीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सें.मी. सरकते, तर मध्याजवळ जेमतेम २१ सें.मी. तिथे तेच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले असतात, त्यामुळे कोनातली लहान चूकही कानाला बोचते. नवी सुई बसवताना कार्ट्रिज हलले असेल, तर प्रोट्रॅक्टरने (कोन जुळवण्याच्या मापपट्टीने) ते पुन्हा जुळवावे. अँटीस्केटिंगही तपासावे, ते जास्त असले तर सुई बाहेरच्या बाजूला ओढली जाते आणि खाच ओलांडत नाही.

बेअरिंगच्या वाट्या खळगलेल्या असतील किंवा नळी वाकली असेल, तरच बदलाचा विचार करावा. तेव्हा पहिले माप आर्मचा अक्ष आणि तबकडीची खुंटी यांच्यातील अंतराचे. रेगा कंपनीच्या आरबी ३०० आर्मला ते २२२ मि.मी. लागते, आपल्या टर्नटेबलवर ते वेगळे असल्यास पाट्याला नवे भोक पाडावे लागेल, आणि ते नंतर बुजवता येत नाही. दुसरे माप वस्तुमानाचे : आर्मचे परिणामी वस्तुमान (हलताना सुईला जाणवणारे वस्तुमान), कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधील बेरीज कार्ट्रिजच्या कंप्लायन्सने, म्हणजे सुईच्या लवचीकपणाच्या आकड्याने, गुणावी, त्याचे वर्गमूळ काढावे आणि १५९ला त्याने भागावे. येणारे उत्तर म्हणजे आर्म व कार्ट्रिज यांची स्वाभाविक कंपनसंख्या; ती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान यावी. १० ग्रॅमचा आर्म, ६ ग्रॅमचे कार्ट्रिज, १ ग्रॅमचे स्क्रू आणि १२ कंप्लायन्स असेल तर ते ११ येते, म्हणजे जोडी जुळली. जड आर्मवर अतिशय मऊ कार्ट्रिज बसवल्यास ते ६च्या खाली जाते आणि किंचित वाकडी तबकडीही सुईला उड्या मारायला लावते.

जुना आर्म काढावाच लागला, तर त्याचे स्क्रू, वॉशर आणि मूळ तार एका डबीत त्याच्यासोबत जपून ठेवावी.