पैसे थेट तिथल्या लोकांकडे दिले तर खाल्ले जातील का?

प्रश्न: परदेशी मदतीचे पैसे मोठ्या संस्थांमार्फत न देता थेट स्थानिक लोकांच्या हातात द्या असं हल्ली जो तो म्हणतो. पण मग हिशेब कोण ठेवणार? खातील ना लोक?

उत्तर: म्हणतात सगळेच हो, देतंय कोण? २०१६ मध्ये इस्तंबूलला मोठे देणगीदार आणि मोठ्या संस्था एकत्र बसल्या, ठरलं की २०२० पर्यंत आपत्तीच्या मदतीतले निदान २५ टक्के पैसे स्थानिक संस्थांना शक्य तितके थेट द्यायचे, आणि २०२० उजाडलं तेव्हा थेट पोचले ते पाच टक्क्यांच्याही आत. अमेरिकेच्या यूएसएड या सरकारी मदत संस्थेनेही २०२१ मध्ये हाच २५ टक्क्यांचा आकडा जाहीर केला, गाडी दहाच्या आसपास अडकली, आणि २०२५ मध्ये तर ती संस्थाच गुंडाळली.

आता खाण्याचं. प्रश्न रास्त आहे, आणि गावकरी म्हणजे सगळे साधे भोळे असं मी तरी म्हणणार नाही. इंडोनेशियात सहाशेच्या वर गावांत रस्त्याच्या कामांवर एक प्रयोग झाला होता. काही गावांना आधीच सांगितलं की सरकारी ऑडिट नक्की होणार, तिथे गायब होणारा पैसा साधारण आठ टक्के पॉइंटने कमी झाला. बाकी काही ठिकाणी लोकांना हिशेबाच्या मीटिंगला जास्त संख्येने बोलावलं, त्याने एकूणात फारसा फरक पडला नाही. म्हणजे नुसतं सतरंजीवर बसवून सह्या घेतल्या की झाला लोकसहभाग, असं नाही. ऑडिट हवंच, पण ते मोठ्या संस्थांचंही तितकंच कडक हवं की नको?

सुदानचं बघा. एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटलं, परदेशी संस्थांची बरीच माणसं देश सोडून गेली, आणि मोहल्ल्यातल्या पोरापोरींनी इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स, म्हणजे स्वयंसेवकांचे मदत गट, उभे केले, सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, जखमींची सोय केली. जीव धोक्यात घालून हे सगळं करणाऱ्यांना निधी मागताना मात्र रजिस्ट्रेशन दाखवा, बँक खातं दाखवा, लांबलचक इंग्रजी फॉर्म भरा!

आणि स्थानिक संस्थेला पैसे मिळाले तरी बरेचदा फक्त कामाचे मिळतात, ऑफिसचं भाडं आणि अकाउंटंटचा पगार मधली मोठी संस्था स्वतःकडेच ठेवते, वर हिशेब नीट ठेवत नाहीत म्हणून यांनाच बोल लावते. तुम्ही कुठे देणगी देणार असाल तर पत्रकावरचे फोटो राहू द्या, बजेट कोणी बनवलं आणि ते बदलायचा अधिकार कोणाकडे आहे एवढं विचारा.