बिनमधून जॉब उचलणे आणि त्याची तपासणी: दोन्हीसाठी एकच थ्रीडी सेन्सर चालेल का?

हिंगणा एमआयडीसीतल्या तुमच्या युनिटमध्ये बिनमध्ये (मोठ्या पेटीत) अस्ताव्यस्त पडलेले फोर्जिंग, म्हणजे ठोकून घडवलेले धातूचे जॉब (सुटे भाग), रोबोटने उचलायचे आहेत आणि मशीनिंगनंतर त्याच सेन्सरने मोजायचेही आहेत, असं तुम्ही लिहिलंय. माझं स्पष्ट मत: दोन कामांना दोन सेन्सर घ्या.

उचलताना मिलिमीटरभर चूक ग्रिपर (रोबोटचा पकडणारा पंजा) सहसा सांभाळून घेतो. तिथे सगळा बिन एकदम दिसणं महत्त्वाचं, म्हणून वर बसवलेला स्ट्रक्चर्ड लाइट (प्रोजेक्टरने प्रकाशाचा पॅटर्न टाकून आकार मोजणारा) किंवा स्टिरिओ (दोन डोळ्यांसारखा दोन बाजूंनी पाहणारा) कॅमेरा बरा. टाइम ऑफ फ्लाइटवाले (प्रकाश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढणारे) स्वस्त कॅमेरे खोकी उचलायला ठीक. लहान जॉबच्या कडा त्यात पुसट येतात.

तपासणीत टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) एक दशांश अचूकता धरतात. म्हणजे 0.2 मिमी टॉलरन्सला 0.02 मिमी. इथे लेझर प्रोफाइल सेन्सर लागेल. तो एका वेळी एकच रेष वाचतो, त्यामुळे जॉब त्याच्याखालून सरकवावा लागतो. एन्कोडर (पट्टा किती सरकला ते सेन्सरला कळवणारा भाग) नसेल तर कन्व्हेअरचा वेग जरा बदलला तरी जॉब लांबट किंवा आखूड दिसतो. मशीन झालेला चकचकीत, तेलकट भाग प्रकाश भलतीकडे फेकतो आणि त्या जागी आकडेच मिळत नाहीत, म्हणून जॉब आधी धुऊन घ्या. फोर्जिंग लालभडक असतानाच मोजायचं असेल तर निळा लेझर घ्या, लाल रेष त्या उजेडात हरवते.

नागपुरात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती उन्हाळ्याची. डेमोत हा विषय सहसा निघतच नाही. सेन्सर ज्यावर बसवतात तो अॅल्युमिनियमचा एक मीटर स्टँड दर अंशाला साधारण 0.023 मिमी वाढतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये सकाळ आणि दुपार यांत 15 अंशांचा फरक पडला, तर स्टँडच जवळपास 0.35 मिमी वाढला. टॉलरन्स होता 0.2! स्टँड स्टीलचा केला तर ही वाढ निम्म्यावर येते, तरी उरतेच. म्हणून माप माहीत असलेला मास्टर पीस जवळ ठेवा आणि निदान दर शिफ्टला त्यावर सेन्सर तपासा. छताच्या पारदर्शक पत्र्यातून ऊन थेट बिनवर पडत असेल तर आधी ते झाका, नाहीतर प्रोजेक्टरचा पॅटर्न उन्हात दिसायचाच नाही.

व्हेंडरच्या एसी खोलीतल्या डेमोवर ऑर्डर देऊ नका. तुमचेच तेलकट जॉब, तुमचीच शेड, दुपारी तीनची वेळ, अशी ट्रायल मागा आणि एकच जॉब वारंवार ठेवून आकडे किती हलतात ते स्वतः लिहून घ्या.